दिवा लागला, तक्रार विझली

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या अंगणात तिघांनी मला गाठलं. तिघांनाही एकच गोष्ट हवी होती, मिस्त्रीचाचांचा मोबाइल नंबर. आमच्या अब्बांचं जुनं डिझेल इंजिन बारा वर्षांनी सुरू झालं, त्यावर घरचे पंखे, दिवे आणि फ्रिजसुद्धा चालतो, ही बातमी मोहल्ल्यात पोचली होती. एकाच्या मळ्यात तसंच इंजिन कडब्याच्या गंजीआड पडून आहे. दुसऱ्याला भंगारवाल्याकडे एक दिसलंय, किलोच्या भावात मिळतंय म्हणाला. तिसऱ्याचं म्हणणं सरळ होतं, "सर, पावसाळा तोंडावर आलाय. दरवर्षी किती रात्री अंधारात काढायच्या?"

मी तिघांनाही नंबर दिला नाही. एक जण तर नाराज होऊन गेला. स्वतःचं भागलं की माणूस असाच वागतो, असं काहीसं पुटपुटला. त्याचा राग चुकीचा नाही. म्हणूनच कारण नीट लिहून ठेवतो.

आधी इंजिनाविषयी, कारण या सगळ्यात त्याचा काही दोष नाही.

किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं इंजिन. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ मध्ये पुण्याला खडकीत सुरू झाला. साताऱ्याचे कूपर त्याच्याही आधीपासून डिझेल इंजिनं करत होते. पुढे राजकोटच्या कारखानदारांनी इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नकला काढून त्या गावोगाव पोचवल्या. आमच्या श्रीरामपूर भागात (जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर, एसटीच्या कंडक्टरसाठी अजून नगरच) ऊस वाढला तो कालव्याच्या पाण्यावर आणि विहिरीवरच्या या इंजिनांवर. अब्बांनी आमचं इंजिन १९७० च्या दशकात सेकंडहँड घेतलं. विजेची मोटार आली तसं ते शेडमध्ये गेलं. २००५ नंतर लोडशेडिंगने खेड्यापाड्यात बारा-बारा तास अंधार केला तेव्हा अब्बांनी ते गावातल्या घरी आणलं, पट्ट्यावर अल्टरनेटर जोडला आणि आमच्या बहिणींच्या परीक्षा त्यावर पार पाडल्या. २०१२ नंतर लोडशेडिंग उतरलं. अब्बा गेले, इंजिन परसात पत्र्याखाली गेलं.

या वर्षी भाच्याने ते उकरून काढलं. तो आयटीआयला मेकॅनिक डिझेल करतोय. त्याला पुस्तकातलं इंजिन हाताने उघडून बघायचं होतं. त्यानेच चाचांना आणलं. चाचा सत्तरीला आलेत, शाळेत चौथीच्या पुढे गेले नाहीत, नोझलचा आवाज ऐकून सांगतात की फवारा नीट पडतोय की थेंब गळतोय.

पहिल्या दिवशी फ्लायव्हील तसूभर हललं नाही. हेड काढलं तर पिस्टन लायनरला धरून बसलेला, वर गंजाची लाल भुकटी. भाच्याने हातोडा उचलला तसा चाचांनी तो काढून घेतला. "मास्तर, इंजिन मरता नै. पड्या पड्या आदमी बी जाम हो जाता, ये तो लोहा है." रॉकेल आता रेशनला मिळत नाही, म्हणून पिस्टनवर डिझेलच ओतून ठेवलं. रोज सकाळी फ्लायव्हीलला हाताने पुढे-मागे झोका द्यायचा, जोर लावायचा नाही. पाचव्या दिवशी ते बोटभर सरकलं, सातव्या दिवशी पूर्ण फिरलं. लायनर वाचला, रिंगा नव्या टाकाव्या लागल्या. टाकीच्या तळाशी काळा चिकट गाळ होता, तो खरवडून काढला. बोअरच्या पाण्याने हेडच्या आत क्षारांचा थर धरला होता. व्हॉल्व्ह घासून बसवले, नोझल पंपाच्या दुकानातून प्रेशर लावून आणली, पंपाचं एलिमेंट बदललं.

अल्टरनेटरची गंमत वेगळी. वाइंडिंगला ओल आली होती. दोन दिवस आत मोठा पिवळा बल्ब पेटता ठेवून ती सुकवली, मग मेगर लावून पाहिलं. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर फिरला, व्होल्टेज मात्र शून्य. इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं आणि त्याच्याशिवाय वीज उठतच नाही. चाचांनी ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी आणून फील्डला क्षणभर लावली. काटा टणकन उठला. गव्हर्नर लावून मिनिटाला १५०० फेरे जमवले, कारण चार पोलच्या अल्टरनेटरला पन्नास सायकल तिथेच मिळतात. कमी-जास्त झालं तर पंख्याची मोटार तापते. भाच्याच्या वर्गातलं सूत्र आणि चाचांचा कान दोन्ही एकाच आकड्यावर आले, तेव्हा त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण या कामाला मी नावं ठेवतोय असं कुणाला वाटू नये. लोखंड भंगारात घालण्यापेक्षा चालतं करणं चांगलंच. इसराफ, म्हणजे उधळमाधळ, आपल्याकडे गुनाह मानतात, आणि चालू शकणारं यंत्र वितळवायला पाठवणं हा इसराफच आहे. चाचांसारखी माणसं आपल्या मोहल्ल्यांत होती म्हणून तालुक्याचे ट्रॅक्टर, ट्रक, इंजिनं चालली. ज्याला हे जमतं त्याला आपण मिस्त्री म्हणून अरेतुरे करतो आणि ज्याला जमत नाही त्याला साहेब म्हणतो. चाचांच्या दोन्ही मुलांनी हा धंदा घेतलेला नाही. माझ्या भाच्यासारखी दहा पोरं त्यांच्या हाताखाली बसावीत, असं मला मनापासून वाटतं.

माझं भांडण इंजिन दुरुस्त करण्याशी नाही. ते घरात लावून गप्प बसण्याशी आहे.

आता हिशेब. सगळं मिळून सतरा हजार चारशे रुपये लागले, त्यात चाचांची मजुरी त्यांनी घेतली तेवढीच. हे इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला लिटरभराहून थोडं जास्त डिझेल पितं आणि तीनेक युनिट वीज देतं. म्हणजे आजच्या डिझेलच्या भावात युनिटला तीस-पस्तीस रुपये. पण पूर्ण ताकदीने चालवायला माझ्या घरात आहे काय? चार पंखे, सहा एलईडी दिवे, एक फ्रिज. सगळं मिळून अर्धा किलोवॉट. तेवढ्यासाठी इंजिन स्वतःचं लोखंड फिरवायलाच निम्मं डिझेल खातं. मी बाटलीने मोजलं, तासाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं. युनिटला शंभरच्या घरात. शिवाय हलक्या लोडवर डिझेल पुरतं जळत नाही, काळा ओशट धूर सायलेन्सरमधून गळतो, नोझलवर कार्बन धरतो, आणि सहा महिन्यांत चाचांना पुन्हा बोलवावं लागतं. "एकदाच खर्च, मग कायमची चिंता मिटली" असं जे मोबाइलवर फिरतंय, ते लिहिणाऱ्याने इंजिन चालवलेलं नाही, चालताना पाहिलंय.

पण पैशांचा प्रश्न मी मोठा मानत नाही. ज्याच्याकडे आहेत त्याने उडवावेत. खरी गोष्ट मे महिन्यातल्या त्या रात्रीची आहे.

संध्याकाळी साडेसातला वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं, वीज गेली. दहा मिनिटांत भाच्याने हँडल मारलं आणि आमचं घर उजळलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. अब्बांची आठवण आली. गल्लीतली पोरं बघायला जमली. मी चहा घेत पंख्याखाली बसलो. इशाची नमाज झाली, जेवणं झाली. दहाच्या सुमारास मागच्या गल्लीतला मुलगा आईला हाताला धरून घेऊन आला. खालांना दम्याचा जुना त्रास आहे, नेब्युलायझर लावायचा होता, त्यांच्याकडे वीज नव्हती. ओसरीत बसवलं, मशीन लावलं. दहा-पंधरा मिनिटांनी मास्क काढून खाला अगदी हळू, मी दुखावला जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "बेटा, वो धुआं जरा दूसरी तरफ कर दे. खिडकी बंद की तो दम घुटता, खोली तो धुआं अंदर आता."

इंजिनाच्या धुराचा पाइप मीच मागच्या गल्लीकडे काढला होता. आमच्या घरात वास येऊ नये म्हणून.

त्यांचा दम त्या धुरानेच वाढला, असं मी डॉक्टर नसताना म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला, हे मला ठाऊक होतं. शाळेत पर्यावरण दिनाला मीच ते फळ्यावर लिहिलं होतं. नव्या जनरेटरवर तरी बंधनं आहेत, पेटीपासून मीटरभर अंतरावर आवाज ७५ डेसिबलच्या वर नको, जुलै २०२३ पासून धुराचे नियम आणखी कडक झालेत. परसातल्या उघड्या जुन्या इंजिनाला कोण विचारतो? शेजाऱ्याचा हक्क यावर आपण जुम्म्याच्या बयानात किती ऐकतो. स्वतःचं घर गार ठेवून त्याचा धूर शेजारणीच्या खिडकीत सोडणं कुठल्या बयानात बसतं?

इंजिन बंद केलं. आणि मग, अकरा वाजून वीस मिनिटांनी, मी १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवली. वीज जाऊन जवळपास चार तास झाले होते. आमच्या डीपीवरून तोवर एकही तक्रार आलेली नव्हती. एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत विचारत फिरलो. चौदा घरं. नऊ घरांत इन्व्हर्टर, दोन घरांत पेट्रोलवरचा छोटा जनसेट, एक मी. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने फोन केला असेल. एकाने तर सांगितलं, "तुमच्याकडे दिवे लागले ना सर, वाटलं तुम्हीच काहीतरी केलं असणार." उरली दोन घरं. त्यांतल्या एकात रिचार्ज संपलेला एकच मोबाइल होता. दुसऱ्या घरात राहणाऱ्या विधवा बाईंना असा नंबर असतो हेच माहीत नव्हतं. तक्रारीनंतर तासाभरात दोन वायरमन आले. डीपीवर लिंबाची फांदी पडली होती. पाऊण तासात फांदी काढून फ्यूज टाकला, वीज आली. म्हणजे त्या रात्रीच्या अंधारातले चार तास आम्ही स्वतः घातले. त्याला ना पाऊस जबाबदार, ना वायरमन.

वायरमनने आल्या आल्या पहिला प्रश्न काय विचारला? "जनरेटर कुणाकडे चालू आहे? आधी बंद करा." रिटर्न सप्लाय म्हणतात ते हे. घरात चेंजओव्हर न बसवता कुणी जनरेटरची वायर थेट बोर्डात खुपसली तर ती वीज मीटरमधून उलटी तारेवर चढते, डीपीतून गेली की तिचं हजारो व्होल्ट होतं, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस मरतो. तो बहुतेक वेळा कंत्राटी असतो, वीस-बावीस वर्षांचा. आमच्याकडे चेंजओव्हर होता, चाचांनी त्याच्याशिवाय कामाला हातच लावला नसता. जनसेटवाल्या दोन घरांपैकी एकात नव्हता. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर होती, सॉकेटमध्ये खुपसायची. त्या घरातल्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ मुद्दा. वीज गेली की ओरडतो कोण? ज्याला अंधाराचा त्रास होतो तो. आणि ज्याचं ओरडणं ऐकू येतं असा कोण? ज्याच्याकडे फोन आहे, ओळख आहे, दोन ओळींचा अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर खुर्ची ओढून बसता येतं. म्हणजे मी, दुकानदार, मुतवल्ली, वकील, ठेकेदार. नेमक्या याच माणसांनी इन्व्हर्टर आणि जनरेटर घेऊन स्वतःला अंधारातून सोडवून घेतलं. मागे राहिले ते खालांसारखे, ज्यांना त्रास होतो पण ज्यांचा आवाज पोचत नाही. मोहल्ल्यात एक जनरेटर वाढला की बोलणारा एक माणूस कमी होतो.

शिक्षक म्हणून हे चित्र मी फार वर्षं पाहतोय. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेचं छत गळतं, तेव्हा ज्या पालकांनी सभापतींच्या दारात जाऊन बसायला हवं, त्यांची मुलं केव्हाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसलेली असतात. उर्दू शाळेतल्या बऱ्याच शिक्षकांचीही. छत गळतच राहतं. त्याविषयी पुन्हा कधी तरी.

"आपलं कोण ऐकतं?" हे वाक्य आता येणार, मला माहीत आहे. नाव ऐकून, मोहल्ला ऐकून समोरच्याचा आवाज बदलतो, हा अनुभव मलाही आहे. तो खोटा म्हणणार नाही. पण न नोंदवलेली तक्रार तर कुणाचीच ऐकली जात नाही, मग नाव काहीही असो. फोनवरच्या तक्रारीला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक, तारीख आणि वेळ या तीन गोष्टी हातात असल्या की पुढचं बोलणं सुरू होतं.

दुसरं एक कारण आहे, जे अंगणात कुणी मोठ्याने बोलत नाही. काही घरांत आकडा आहे. वायरमन आला तर मीटर बघेल, ही धास्ती. आकडा फक्त आपल्याच मोहल्ल्यात आहे असं नाही, मळ्यात आहे, बंगल्यावर आहे, लग्नाच्या मांडवात आहे. पण आरोप आपल्यावर पटकन येतो, आणि दोन घरांच्या आकड्यामुळे साठ घरांची तोंडं बंद होतात. ज्यांनी रीतसर बिल भरलंय त्यांनी आकडेवाल्यांच्या भीतीने गप्प का बसायचं? त्या दोन घरांनाही जमातीने हप्त्याने मीटर घेऊन द्यावा, माझी वर्गणी आधी धरा.

कायद्यात काय आहे, तेही सांगतो, कारण ते फार थोड्यांना ठाऊक आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५७ मध्ये पुरवठ्याची मानकं ठरवण्याची आणि ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. कलम ४२ मध्ये प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवणं बंधनकारक आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. ३१ डिसेंबर २०२० ला केंद्राने ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले, त्यात चोवीस तास पुरवठ्याचं तत्त्व आहे. फ्यूज गेला तर किती तासांत, डीपी जळाली तर किती तासांत, शहरात किती, गावात किती, हे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेलं आहे. पण घड्याळ सुरू होतं तक्रारीपासून. तक्रारच नाही तर चार तास काय, चार दिवस गेले तरी कागदावर तुमची वीज गेलेलीच नसते.

आणि याच नियमांत २०२२ च्या एप्रिलमध्ये एक भर पडली. जे ग्राहक पर्यायी विजेसाठी डिझेल जनरेटर वापरतात त्यांनी पाच वर्षांत बॅटरीसह सौर वगैरे स्वच्छ साधनांकडे वळण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे ज्या साधनाला सरकार निरोप द्यायला सांगतंय, ते आपण भंगारातून उचलून घरी आणायला निघालोय.

आपल्या भागाने वेगळं काही करून दाखवलेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. १९७० च्या आसपास देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्यांतली एक, मुळा-प्रवरा, इथेच श्रीरामपूरला. विजेचे खांब आपल्या मळ्यापर्यंत यावेत म्हणून शेतकरी सभासद झाले. अब्बांकडे सभासदत्वाची पावती होती. विहिरीवरचं इंजिन ज्या मोटारीमुळे निवृत्त झालं ती याच संस्थेच्या तारेवर चालली. पुढे संस्था थकबाकीत बुडाली, ३१ जानेवारी २०११ ला तिचा परवाना संपला. बुडाली यावरून लोक सांगतात की सामुदायिक काही टिकतच नाही. मी म्हणतो, संस्था थकली ती सभासदाने सभेला जाणं आणि बिल भरणं सोडलं तेव्हापासून. बाकीची कारणं राजकारण्यांना विचारा, त्यांच्याकडे भरपूर असतील. पण चाळीस वर्षं तिने खेड्यात दिवे लावले, हे कसं विसरायचं?

पर्यायी वीज ही गोष्टच मुळात सगळ्यांनी मिळून करण्याची आहे. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात घाटघरला अडीचशे मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी डोंगरावरच्या धरणात चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. राज्याचा इन्व्हर्टरच म्हणा. तो एकट्याने परसात लावता येत नाही.

"मग सोलर घ्या" हाही सल्ला मिळाला. घ्यावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पण विकणारा एक गोष्ट बहुतेक वेळा सांगत नाही. छतावरचं साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारी उन्हातसुद्धा. रिटर्न सप्लायने वायरमन मरू नये म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवालं हायब्रिड लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. शिवाय आपल्या गल्ल्यांत भाड्याची घरं किती, वारसांच्या नावावर न चढलेली किती, पत्र्याची छतं किती? त्यांना सोलर कोण देणार?

मशिदीतही जनरेटर आहे, मग तो चालतो का, असं एकाने टोमण्यात विचारलं. चालतो. तरावीहमध्ये वीज गेली की तोच चालतो, वजूचं पाणी तोच चढवतो. तो सगळ्यांचा आहे, त्याचं डिझेल वर्गणीतून येतं, आणि त्याच्या उजेडात श्रीमंत-गरीब एकाच सफमध्ये उभे असतात. माझ्या परसातल्या इंजिनात आणि त्यात हाच फरक आहे.

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. मुतवल्लींशी बोललो. त्यांचा जनसेट छोटा आहे, बोअरची मोटार आणि दिवे एकदम उचलत नाही. अब्बांचं इंजिन आम्ही मशिदीमागच्या मोकळ्या जागेत हलवतोय, कुणाच्या खिडकीजवळ नाही, आणि धुराचा पाइप पत्र्याच्या वर उंच घेऊन. जमातखान्याच्या एका खोलीत चार सॉकेट, नेब्युलायझरसाठी, मोबाइलसाठी, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसणाऱ्या मुलींसाठी वेगळा कोपरा. ती खोली कुणालाही उघडी राहील, नमाजी असो नसो, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मुलासाठीही. चेंजओव्हर आणि अर्थिंग चाचा आणि परवानाधारक वायरमन मिळून करणार आहेत. भाचा आणि आणखी तीन पोरं पाळीने इंजिन बघतील, चाचा त्यांना दर इतवारी शिकवतील. त्यांच्या शिकवण्याचे पैसे जमात देईल. फुकट शिकवा असं त्यांना कुणी म्हणू नये.

चाचांनी लगेच विचारलं, "और हँडल कौन मारेगा पहले?" मी म्हटलं, ज्याने तक्रार नोंदवली तो. इंजिनाच्या वर एक वही टांगलीय. वीज गेली की आधी १९१२ ला फोन, तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत, मग हँडल. वही कोरी असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. मुतवल्लींना हे जरा सक्तीचं वाटलं. दोन दिवस विचार करून त्यांनीच वहीला दोरीने पेन बांधला.

आणि मिस्त्रीचाचांचा नंबर. ज्यांना घरी इंजिन लावायचंच आहे त्यांना मी अडवणारा कोण? एकच अट घातलीय. शेवटची वीज गेली तेव्हा केलेल्या तक्रारीचा क्रमांक दाखवा आणि घरातला चेंजओव्हर दाखवा, नंबर घेऊन जा. तिघांपैकी नाराज होऊन गेलेला माणूस परवा रात्री मोबाइलवर क्रमांक उघडून दारात उभा होता. चेंजओव्हर त्याच्याकडे नव्हता. तो बसवायला चाचांनाच बोलवावं लागणार होतं, म्हणून नंबर दिला.